सुलेमाबाईंच्या पेशी, फेलिसाचा पाय

इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये चिचाचे, म्हणजे मक्याच्या आंबट दारूचे, चार थेंब टाकले ते प्रस्तुत लेखकाने. हे आधीच कबूल केलेलं बरं. बोलिव्हियातल्या आमच्या कोचाबाम्बात ही गोष्ट निघाली की लोक त्याचं नाव घेतातच, आणि चार थेंबांचा पेलाभर करतात.

झालं असं. कार्निव्हलच्या आधीचा शुक्रवार होता. त्या दिवशी विद्यापीठात काम कुणीच करत नाही. प्रत्येक यंत्राला रंगीत झिरमिळ्या गुंडाळायच्या, वर पाकळ्या उधळायच्या आणि पाचामामाला, म्हणजे भूमातेला, तिचा घोट द्यायचा. मग यंत्र वर्षभर कुरकुरत नाही. इंजिनिअर सुलेमा आरांदिया यांच्या प्रयोगशाळेत मात्र एवढीच मुभा होती की हात धुवायचं स्पिरिट फवारायचं, तेही बाहेरून. "भूमातेचंही भागतं आणि जंतूही मरतात," असं बाई म्हणायच्या.

प्रस्तुत लेखक तिथे यंत्रं सांभाळायला होता. शिक्षण पुनाता गावात झालेलं, आणि पुनाताची चिचा जगात पहिल्या नंबरची असते हे तिथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. भूमातेची स्पिरिटवर बोळवण करणं त्याला पटेना. मावशीच्या दुकानातली ताजी चिचा पिशवीत होतीच. ट्रेमधलं पाणी बदलणं हेही त्याचंच काम. बाहेरून सगळ्यांनी पाजलं, बिचाऱ्या यंत्राच्या पोटात काहीच गेलं नाही, असा विचार करून त्याने चार थेंब आत सोडले, दार लावलं आणि पाच दिवस नाचायला निघून गेला.

पुढच्या गुरुवारी सुलेमाबाईंनी दार उघडलं तर आतून गुत्त्याचा वास आला.

आत होती नाळेतून मिळवलेल्या मूळ पेशींची तिसरी खेप. न भरणाऱ्या जखमेवर या पेशींची पातळ साय लावायची, म्हणजे जखमेच्या कडा जाग्या होतात, असा बाईंचा अकरा वर्षांचा ध्यास. माणसावर लावून बघायला समितीची परवानगी हवी, आणि समितीची अट अशी की ओळीने तीन खेपा निर्मळ निघाल्या पाहिजेत. दोन निघाल्या होत्या. समितीची बैठक तीन आठवड्यांवर होती. ती चुकली की पुढची सप्टेंबरात.

बाई मायक्रोस्कोपला डोळा लावून बराच वेळ बसल्या. सगळीकडे यीस्टचे मणी.

"कुणाच्या दुकानातली?" त्यांनी डोळा न काढताच विचारलं.

"मावशीच्या."

"चांगली असते?"

"हो बाई. गावात नाव आहे."

"असणारच. अकरा दिवसांच्या पेशी सहा दिवसांत खाल्ल्या तिने. तुझ्या मावशीला सांग, एवढं तर मलाही काही वाढवता आलेलं नाही."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सगळ्या बाटल्या उकळायला लावल्या, ट्रे स्वतः घासला, आणि जेवायच्या सुट्टीत भुईमुगाचं सूप समोर गार होऊ दिलं.

हे 'जवळजवळ झालंच होतं' प्रकरण त्यांना नवीन नव्हतं. वडील किल्याकोयो गावात सायकली दुरुस्त करायचे. चाकाला कुठे ताण येतो हे बघत बघत मुलगी इंजिनिअर झाली, कृत्रिम पायाचे तळवे करायला शिकली, आणि पुढचं शिक्षण घ्यायला ब्राझीलला गेली. तिथे एका दुपारी कुणीतरी तिला काचेवरची जखम दाखवली: पेशींच्या थरावर ओढलेला एक ओरखडा, आणि दोन्ही काठांवरून एकमेकींकडे सरपटत निघालेल्या पेशी. त्या दिवसापासून तळवे मागे पडले ते पडलेच.

परत आल्यावर खोली मिळवण्यात दोन वर्षं गेली. इन्क्युबेटर आला तो दुसऱ्याच देशाच्या प्लगचा. मग पेशींना खायला घालायचा सीरम. तो वासराच्या रक्तातून काढतात आणि बर्फात परदेशातून येतो. विमानतळावरच्या कारकुनाने तो नऊ दिवस अडकवून ठेवला.

"प्राण्याचं रक्त आहे, तेव्हा प्राण्याचा दाखला लागेल," तो म्हणाला. "वासरू कुठे आहे?"

"वासरू आता नाही."

"मग मालकाची सही आणा."

तोवर बर्फाचं पाणी झालं होतं. घरी आईचं वेगळंच. दर रविवारी ताटात वाढता वाढता ती विचारायची, "अकरा वर्षं जखमा भरतेयस गं. एखादी भरली का?"

एक भरायची होती, आणि ती कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं. रुग्णांच्या यादीतलं पहिलं नाव दोन्या, म्हणजे श्रीमती, फेलिसा मामानी, वय त्रेसष्ट, कांचा बाजारात बटाट्याची गादी, साखरेचा आजार. उजव्या तळव्याला अंगठ्याखाली दोन बोलिव्हियानोच्या नाण्याएवढी जखम, सात महिने झाले तरी तेवढीच. सर्जन तेर्सेरोस यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "जुलैपर्यंत वाट बघतो. हाड दिसलं तर पाऊल काढणार." समितीने मार्चमध्ये हो म्हटलं असतं तर मे महिन्यात पहिली साय फेलिसाच्या पायावर असती. आता सप्टेंबर. जुलै त्याच्या आधी येतो, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही.

बुधवारी फेलिसा नेहमीप्रमाणे जखम मोजून घ्यायला आली. बाईंनी पारदर्शक कागद ठेवून कडेने रेघ ओढली आणि मग सगळं सांगितलं. प्रस्तुत लेखक कपाटामागे उभा राहून स्क्रू मोजत होता.

फेलिसाने घागऱ्याच्या घड्या नीट केल्या. "म्हणजे याच्या चिचामुळे माझा पाय जाणार?"

"चिचामुळे नाही, दोन्या फेलिसा. जखमेमुळे."

"पुनाताचा आहे ना हा? दिसतंच. आमच्या क्लिसा गावच्या माणसाने अख्खा ट्रे भरला असता." मग तिचा आवाज उतरला. "आता खरं सांग पोरी. जाणार का?"

"तुम्ही पाय टेकणं बंद केलं तर कदाचित नाही."

"डॉक्टरही हेच म्हणतो. पाय टेकू नको. पहाटे चारला ट्रक येतो. बटाटे काय उडत येणार आहेत गादीवर?"

"मग मी काय करू?" बाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "पेशी नाहीत, परवानगी नाही, तुम्ही ऐकत नाही. काय करू मी, सांगा ना."

"मला काय विचारतेस? शिकलीस तू."

बाईंची नजर फेलिसाने काढून ठेवलेल्या वहाणेवर गेली. बाजारात मिळते तीच, जुन्या टायरची. उजवीच्या तळाला, बरोबर अंगठ्याखाली, खळगा पडला होता. त्यांनी ती उचलली, वाकवून पाहिली, आणि एखाद्याच्या थोबाडीत द्यावी तशी टेबलावर आपटली.

"इतके महिने मी जखम मोजतेय," त्या म्हणाल्या, "आणि वहाण एकदाही बघितली नाही."

मग त्यांनी कँटीनमधून पीठ मागवलं, परातीत पसरलं आणि फेलिसाला त्यावर उभं केलं. भार कुठे पडतो ते पिठात उमटलं. प्रस्तुत लेखकाची रवानगी टायर कापणाऱ्याकडे झाली. संध्याकाळपर्यंत जाड तळाची, अंगठ्याखाली कोरून मऊ फोम भरलेली, टाचेकडून पुढे घरंगळणारी एक उजवी वहाण तयार झाली. इतकी कुरूप की फेलिसा म्हणाली, "ही घालून गेले तर नवरा थडग्यातून उठून येईल."

"येऊ दे. पोती उचलेल," बाई म्हणाल्या.

एप्रिलात कागदावरची रेघ जराशी आत सरकली. बाईंनी दोनदा मोजलं. मे महिन्यात नाण्याची डाळ झाली. त्याच सुमारास गोठवून ठेवलेल्या पेशी पुन्हा जाग्या केल्या होत्या; त्या छान वाढत होत्या आणि खेपेमागून खेप निर्मळ निघत होती. बाई मात्र बुधवार जवळ आला की चिडचिड्या व्हायच्या. जखम भरत होती याचा आनंद होता, खोटं कशाला बोला. पण ती त्यांच्या पेशींविना भरत होती. जुलैत तेर्सेरोसांनी तळवा दाबून पाहिला, फाईल मिटली आणि म्हणाले, "काढण्यासारखं काही उरलं नाही."

सप्टेंबरात समिती बसली. अध्यक्षांनी यादी वाचली.

"पहिलं नाव खोडलंय. रुग्ण दगावला?"

"बरा झाला."

"तुमच्या पेशींनी?"

"टायरने," बाई म्हणाल्या.

सगळे हसले. एकाने तर सुचवलं, की बाईंनी वहाणांवरच निबंध लिहावा, त्याला परवानगीही लागत नाही. बाईंनी ते टिपून घेतल्यासारखं केलं. वहीत त्यांनी नुसतीच रेघ ओढली होती, एवढी दाबून की पान फाटलं. परवानगी मिळाली. अट एकच: रुग्णांवर वापरायच्या पेशींना नव्या, दाखल्यासकट आणलेल्या सीरमवरच वाढवायचं. तो सीरम सध्या विमानतळावर आहे. कारकून तोच आहे.

परवा बाई कांचात बटाटे घ्यायला गेल्या तर फेलिसाने तागडी खाली ठेवली आणि गादीवरून उठून चार पावलं चालून दाखवली. उजवा पाय उंच, डावा बुटका. होडी डुलावी तशी ती चालत होती.

"बघ कासेरिता," ती म्हणाली. गिऱ्हाईक म्हटलं की ती कुणालाही कासेरिताच म्हणते. "पाय वाचवलास आणि कंबर घालवलीस. डावी वहाण कधी देणार? पुढच्या आठवड्यात म्हणालीस ते एप्रिलात."

"सीरम सुटला की देते."

"सीरमचं आणि माझ्या डाव्या पायाचं काय नातं?"

बाईंनी पिशवी पुढे केली. फेलिसाने तोललेल्या बटाट्यांवर दोन बटाटे जास्तीचे टाकले, पिशवीला गाठ मारली आणि म्हणाली, "उंची उजवीएवढीच ठेव."

डाव्या वहाणेसाठीचा टायर प्रस्तुत लेखकाने कधीच कापून आणलाय. तो इन्क्युबेटरच्या डोक्यावर पडून आहे.