घरगाडीच्या दाराबाहेर काढलेल्या चपला

घराला कुलूप लावून आम्ही दुसऱ्या घरात जाऊन बसलो आणि ते घर चालायला लागलं. हातखंब्याचा तिठा मागे पडला तरी मी घरात बसले आहे की गाडीत, ते मला उमजत नव्हतं.

घरगाडी यांच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याची. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये त्याने झोपायचे दोन बाक, शेगडी, छोटी मोरी आणि कपाटाएवढा संडास बसवला आहे. ती घेऊन घाटावरच्या राष्ट्रीय उद्यानात जायचं आणि तीन दिवस जंगलातच मुक्काम करायचा, असा यांचा बेत. दोन महिने हे मोबाइलवर बघत होते आणि वहीत लिहीत होते. कुठे डिझेल, कुठे पाणी, कुठे मुक्काम. मला फक्त जेवणाचं बघायला सांगितलं. त्या घरात काय असतं, काय नसतं, मला कसं कळणार? मी तवा, विळी, तांदळाचं पीठ, सुकट, कुळथाचं पीठ घेतलं आणि केरसुणीही.

"अगो, फिरायला चाललोय. बिऱ्हाड नाय हलवत," हे म्हणाले.

हे एकतीस वर्षं मुंबईत ड्रायव्हर होते. गणपतीला आणि शिमग्याला यायचे. चार महिन्यांपूर्वी कायमचे घरी आले. निघायच्या आदल्या आठवड्यात जुन्या शेठचा फोन आला, परत कामावर या म्हणून. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. "तू सांगशील तसं," एवढं बोलून हे मोकळे झाले.

मी काय सांगणार? गणपतीला माणूस येतो तेव्हा काय करायचं ते मला ठाऊक आहे. रोज घरात असतो तेव्हा काय करायचं, ते ठाऊक नाही. चार महिने आम्ही एकमेकांच्या वाटेत येत होतो. राहा म्हणायला जीभ वळत नव्हती, आणि जा म्हणायलाही.

आंबा घाटात एका मोकळ्या जागी गाडी थांबवली. समोर सगळी दरी. मी आत घावणे काढले, दोघांनी बसून खाल्ले, भांडी विसळली. मग हे मधल्या फटीतून पुढे जाऊन स्टिअरिंगवर बसले आणि आम्ही निघालो.

उद्यानाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा यांनी दार उघडलं. "चपला दे गो."

मी पायरीखाली बघितलं. चपला नव्हत्या. घाटात गाडीत शिरताना आम्ही दोघांनी त्या दाराबाहेर काढल्या होत्या, जोडीने, नीट भिंतीला लावतात तशा. आत स्वयंपाक होता. चपला घालून कोण जाईल? घर पुढे आलं आणि चपला घाटातच राहिल्या. तरी मी खाली बघतच राहिले, जणू त्या मागून चालत येणार होत्या.

फाटकावरचा गार्ड आमच्या पायांकडे बघत होता. "मावशी, अनवाणी आत सोडता येत न्हाई. काटं हाईत, जळवा हाईत. आन् काका, गाडी मुक्कामाला आत? कुनी सांगितलं?"

"मोबाइलवर बगितलं. गाडीला पाणी, करंट सगळं जोडून देतात."

"कुठल्या देशातलं बघितलासा?"

यांनी खिशातून वही काढली. गार्ड म्हणाला, "रागावू नगासा. मुक्काम भाईर करा, सकाळी आमची जीप आत न्हेईल." हे पायरीवर बसले आणि वहीची पानं उलटत राहिले. गणपतीला पिशव्या घेऊन येणारा हा माणूस मला नेहमी सगळं माहीत असलेला वाटायचा. आज त्याला काही माहीत नव्हतं. मला कीव आली की हलकं वाटलं, ते अजून सांगता येत नाही.

दुकानात काही मागायचं तरी मी शेजारणीला पुढे करते. त्या दिवशी मात्र उठले आणि अनवाणीच रस्त्याकडेच्या एका घरी गेले. एक बाई अंगणात बसून सुपात नाचणी पाखडत होती. म्हटलं, "तुमच्या खळ्यात गाडी लावू काय?"

"लावा की, ताई. पर आख्खं घर घेऊन हिंडताय आन् पायात काय बी न्हाई?" ती इतकी हसली की सूप खाली ठेवावं लागलं. मग तिने दोन जुने जोड काढून दिले. यांचा जोड दोन बोटं मोठा होता.

तिच्या खळ्यात आम्ही दोन रात्री राहिलो. तिला मी सुकट दिली, तिने ज्वारीची भाकरी आणि खर्डा दिला. जीपमधून जंगल बघितलं. खूप झाडं आणि एका गव्याची पाठ. "दिसला काय?" हे विचारायचे. मी दर वेळी हो म्हणायचे.

घरगाडीत मात्र एकाला वळायचं तर दुसऱ्याने बाकावर बसायचं. पहिल्या दिवशी चार वेळा धडकलो. तिसऱ्या दिवशी मी तव्याकडे वळले की हे न सांगता बसायचे आणि बसल्या बसल्या कांदा चिरायचे. जाडच चिरायचे.

परतताना घाट उतरलो तेव्हा हे रस्त्याकडे बघत म्हणाले, "मग शेठला काय कळवू?"

मी म्हटलं, "तुमी घरात कसे असता, ते मला अजून कळत नाय. गेलात तर कधी कळायचंच नाय."

साखरप्याला यांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरून फोन केला आणि परत येऊन बसले. "नाय म्हणून सांगितलं," म्हणाले.

घरी येऊन आता आठवडा झाला. गोंधळ काही कमी झालेला नाही. आज सकाळी मी पहिल्यांदाच यांना विचारलं, चहात साखर किती घालू? गणपतीला घर भरलेलं असायचं, सगळ्यांचा चहा एकाच टोपात व्हायचा.

हे म्हणाले, "मी बिनसाखरेचा पितो. मुंबईत पयल्यापासून."

चार महिने माझा गोड चहा गपचूप पीत होते.