हळदीकुंकवाचा पिक्चर

लैंगिक शिक्षणाच्या नावाखाली निघालेल्या जुन्या सिनेमांची पोस्टरं मी जमवतो. मित्रांना हे खुशाल सांगतो, आईला सांगायची मात्र कधी हिंमत झाली नाही. काय सिनेमे होते ते! पोस्टरवर लाजणारी नवरी, मालवलेला दिवा आणि कोपऱ्यात 'फक्त प्रौढांसाठी'. आत जावं तर पांढऱ्या कोटातला डॉक्टर छडीने तक्ता दाखवतोय. कॉलेजात असताना मीही असाच फसलो आणि गुप्तरोगांवरचं व्याख्यान ऐकून मुकाट घरी आलो. आम्हा शौकिनांचा जीव त्या फसवणुकीवरच जडलाय. इतका भोळा चावटपणा आता कुठे राहिलाय?

परवा रद्दीवाल्याकडे एक दुर्मिळ पोस्टर मिळालं, नवरीशेजारी चक्क डॉक्टरही असलेलं. दिल्लीचा एक शौकीन त्याच्या बदल्यात दुसरी दोन पोस्टरं द्यायला तयार होता, मीही हो म्हणून बसलो. उत्तरेतल्या बालाजी घाटाजवळच्या आमच्या घरात ते पलंगावर पसरून पुसत होतो, तेवढ्यात आई आली. लपवायला वेळच मिळाला नाही.

"अरे, हा तर आमचा हळदीकुंकवाचा पिक्चर!"

आई सांगू लागली. बायकांचा खेळ तेव्हा दुपारी वेगळा असायचा. चैत्र होता. गल्लीतल्या मराठी बायका घरी हळदीकुंकवाला जातो सांगून निघाल्या.

"मग झूठ कशाला बोलायचं?" आई म्हणाली. "करंडा घेऊनच गेलो. इंटरवलमध्ये सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, भिजवलेले हरभरे वाटले. तिकीट बघणाऱ्या बाईलासुद्धा दिले."

मी हसत सुटलो. आई हसली नाही.

"लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सासूबाई नुसते उपास वाढवत होत्या. पडद्यावरचा डॉक्टर म्हणाला, नवऱ्याचीपण जाँच करा. मला तिथेच रडू आलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं."

बाबा वेदपाठी. त्यांच्यासमोर मी सिनेमाचं नावही काढत नसे.

"काही दिवस गेले. मग एका सकाळी संध्या आटोपली आणि उठून डॉक्टरकडे गेले. इलाज झाला. नंतर तू झालास."

बाबांना जाऊन आता बराच काळ झाला. ज्यांच्या धाकाने ही पोस्टरं कपाटामागे दडवली, त्यांची त्या क्षणी इतकी आठवण आली की डोळे भरून आले. आई देवघरात जाऊन करंडा घेऊन आली.

दिल्लीच्या गृहस्थांना फोन करून पोस्टर देता येणार नाही म्हटलं.

"क्यों, खराब हो गया क्या?" त्यांनी विचारलं.

पोस्टरवरच्या डॉक्टरच्या कपाळाला आईने ठसठशीत कुंकू लावलं होतं. मी हो म्हणालो.