लग्नाच्या अल्बममधलं माझं हसू

नणंदेच्या लग्नाला महिनाभर उरला होता. सकाळी चूळ भरायला गेले तर पाणी तोंडात राहीना, डावीकडून ओघळून थेट साडीवर. मला वाटलं, झोप नीट झाली नसेल. मग आरशात पाहिलं. अर्धा चेहरा माझा होता आणि अर्धा नुसता लोंबत होता. डावा डोळा मिटता मिटत नव्हता.

फैजपूरहून मला जळगावला डॉक्टरांकडे नेलं. नवरा गाडी चालवत होता, सासूबाई मागे बसल्या होत्या. डॉक्टरांनी कपाळावर आठ्या घालायला लावल्या, गाल फुगवायला लावले आणि सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही, नस सुजली आहे, गोळ्या घ्या, व्यायाम करा, बहुतेकांचं बरं होतं. मी काही विचारायच्या आत सासूबाईंनी विचारलं, लग्नापर्यंत होईल का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. 

घरात कारणं शोधणं सुरू झालं. कोणी म्हणालं कूलरचा वारा लागला, कोणी म्हणालं ओले केस बांधून झोपली. दुखतंय का, हे मात्र कोणी विचारलं नाही. कानामागे ठणकत होतं. जेवताना घास डाव्या गालात अडकायचा आणि मी बोटाने काढायचे, म्हणून सासूबाईंनी मला सगळ्यांच्या नंतर जेवायला सांगितलं. सांगताना आवाज चढवला नाही. उलट, तुझंच बरं, सावकाश जेवशील, असं म्हणाल्या.

नणंदेला खरी काळजी अल्बमची होती. तिने कपड्यांचे रंग ठरवले होते, कोण कुठे उभं राहील तेही ठरवलं होतं. एका दुपारी ती मोबाईल घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, वहिनी, आपण आत्ताच करून बघू, म्हणजे त्या दिवशी गडबड नको. तिने मला भिंतीला टेकून उभं केलं. आधी सरळ, मग उजवी बाजू पुढे करून, मग खाली बघत, मग हाताने पदर सावरत असल्यासारखं. प्रत्येक फोटो काढून ती बघायची आणि पुसून टाकायची. नवरा खाटेवर बसून पाहत होता. तिने त्याला विचारलं, दादा, यातला कुठला बरा? त्याने मोबाईल हातात घेतला, दोन बोटांनी माझा चेहरा मोठा केला, परत लहान केला.

"तू हसूच नको," तो मला म्हणाला. "नुसती उभी राहा."

मी नुसती उभी राहिले. नणंद म्हणाली, आता रागावल्यासारखी दिसतेय. दोघं हसले. मीही हसले असणार, कारण तिने तेवढ्यात एक फोटो काढला आणि तो सगळ्यात आधी पुसला.

लग्न धुळ्याला होतं. तोवर मला डोळा जेमतेम मिटता येऊ लागला होता, ओठ मात्र एकीकडेच जायचे. हळद लागली, विधी झाले, मी मागे मागे राहिले. घरच्यांच्या फोटोची वेळ आली तेव्हा घरातली एकुलती एक सून दिसायलाच हवी, नाहीतर लोक विचारतील, म्हणून मला स्टेजवर बोलावलं. मी कडेला, उजवी बाजू पुढे करून उभी राहिले. फोटोग्राफर तरुण होता, मनाने चांगला असावा. त्याला काही माहीत नव्हतं.

"मॅडम, रिलॅक्स," तो म्हणाला. "चेहरा एकदम सैल सोडा. सैल सोडला की हसू आपोआप नॅचरल येतं."

माझा अर्धा चेहरा कधीचा सैलच होता. मी उरलेला अर्धा सोडला. त्याने कॅमेरा खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं, मग फक्त म्हणाला, थोडं समोर बघा. पण स्टेजखाली रांग थांबली होती आणि आता सगळे माझ्याकडेच बघत होते. नवऱ्या मुलाच्या आत्याने सासूबाईंना विचारलं, हिचं हे जन्मापासून का?

"नाही वो," सासूबाई म्हणाल्या. "आनली तव्हा चांगली व्हती."

आत्याने मान हलवली. बाजारातून आणलेलं भांडं घरी आल्यावर गळायला लागलं तर बायका हलवतात, तशी. फोटो झाला. सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या, आता तिले जेवनाकडे पाहू दे. मी दिवसभर पंगतीकडे पाहिलं. वाढणाऱ्यांना माझ्या चेहऱ्याशी काही घेणंदेणं नव्हतं, त्यांना फक्त बट्टी आणि वरण कुठे कमी पडतंय ते सांगावं लागायचं.

अल्बम आला तेव्हा मी बरीच सावरले होते. सगळे पुढच्या सोप्यात गोळा झाले. नणंद माहेरी आली होती, तीच पानं उलटत होती. घरच्यांचा फोटो आला आणि मी पाहिलं, कडेला मी हसत होते. दोन्ही गालांनी, दात दाखवून, डोळे बारीक करून. साडी त्या दिवशीचीच होती, पण चेहरा माझ्या स्वतःच्या लग्नातला होता. कपाळावर तेव्हाची चंद्रकोर होती.

"मीच पाठवला होता त्याला जुना फोटो," नवरा म्हणाला. "बघ ना किती सुंदर दिसतेस." त्याचा चेहरा उजळला होता. मला खूश करायलाच त्याने ते केलं होतं, आणि याहून वाईट मला काही वाटलं नाही. सासूबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि म्हणाल्या, हां, आता आपल्या घरची वाटते. तो फोटो मोठा करून सोप्यात लावला.

मी फोटोग्राफरला फोन करून मूळ फोटो मागितला. तो म्हणाला, मॅडम, त्यात तुम्ही नीट आलेल्या नाहीत. मी म्हटलं, तोच द्या. त्याने मोबाईलवर पाठवला. माहेरी, जळगावातल्या मेहरूणला गेले तेव्हा जवळच्या दुकानातून छापून घेतला, चौकट करून आणली आणि आमच्या खोलीत लावली.

नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी ती उतरवून कपाटावर पालथी ठेवली. मी विचारलं तर म्हणाला, कशाला आठवण हवी? मी म्हटलं, "आपल्या खोलीत पाहुणे थोडेच येतात."

"मी येतो ना," तो म्हणाला.

तो चिडला नव्हता. खरं तेच बोलत होता. मी चौकट परत लावली नाही.

चेहरा आता जवळजवळ पूर्वीसारखा आहे. जवळजवळ. हसले की डावा डोळा आपोआप मिटतो. नस वाढताना चुकीच्या जागी जोडली गेली, डॉक्टर म्हणतात, आता हे असंच राहायचं. गेल्या महिन्यात धुळ्याला नणंदेच्या बाळाचं बारसं होतं. मी बाळाला घेऊन बसले, बाळाने माझं बोट धरलं आणि मला हसू आलं. नणंदेने मोबाईल धरला होता.

"वहिनी, तुमचा डोळा मिटला. परत घेते."

मी सांगितलं की तो मिटणारच. तिने तरीही परत घेतला, आणि पुन्हा एकदा. बाळ रडायला लागलं. तिने मोबाईल खाली केला आणि माझ्या हातातून बाळ घेत म्हणाली, "राहू द्या. मी नंतर नीट करून घेईन."