बहिणीच्या व्हॉल्व्हचा निर्णय

माझी धाकटी बहीण यूपीएससीच्या अभ्यासाला दिल्लीत आली, तेव्हा मला नोएडात नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती. आई आमच्या लहानपणीच गेली, त्यामुळे तिच्या वेण्या घालण्यापासून कॉलेजचे फॉर्म भरण्यापर्यंत तिचं सगळं मीच केलेलं. राजिंदर नगरात तिसऱ्या मजल्यावर तिची खोली होती. एका रविवारी आम्ही दोघी जिना चढत होतो आणि ती दुसऱ्या मजल्यावरच कठडा धरून थांबली. ओठ पांढरे पडले होते.

"कधीपासून होतंय हे?"

"बसून बसून स्टॅमिना गेलाय यार, ताई. बाकी काही नाही."

पण ती तीन उशा घेऊन, जवळजवळ बसूनच झोपते, हे तिच्या मैत्रिणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी तिला हॉस्पिटलात नेलं. हृदयाची इको तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: लहानपणी हिला ताप येऊन सांधे सुजले होते का?

सुजले होते. ती नऊ वर्षांची होती, मी सोळाची. मी तिच्या गुडघ्यांना बाम चोळत बसले होते. पंधरा दिवसांत ताप गेला आणि आम्ही विसरून गेलो. त्या तापानं तिच्या हृदयाचा एक व्हॉल्व्ह खराब करून ठेवला होता.

ऑपरेशन करणाऱ्या सर्जन हळू आवाजात बोलणाऱ्या बाई होत्या. कागदावर चित्र काढून त्यांनी आम्हाला समजावलं. रिपेअर झाला तर सगळ्यात उत्तम, स्वतःचाच व्हॉल्व्ह राहतो. पण या आजारात तो जाड होतो, आखडतो, दुरुस्त होईलच याची खात्री नाही. ते छाती उघडल्यावरच कळणार. नाही झाला तर काय बसवायचं, हे मात्र आधी ठरवायला हवं. जनावराच्या ऊतीपासून केलेला व्हॉल्व्ह बसवला तर रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यावी लागत नाही, पण तरुण शरीरात तो लवकर झिजतो. दहा-पंधरा वर्षांत पुन्हा ऑपरेशन. धातूचा टिकाऊ, पण गोळी कायमची, रक्ताची तपासणी कायमची, आणि मूल होऊ देणं फार जोखमीचं.

शेजारच्या खाटेवर फरीदाबादच्या एक आंटी होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचाही व्हॉल्व्ह बदलायचा होता. "मेरा तो पाँच मिनट में तय हो गया, बेटा," त्या म्हणाल्या. "डॉक्टर बोलीं, आपकी उमर में जानवर वाला ठीक रहेगा, आराम से निकल जाएगा." आणि हसल्या. मग माझ्या बहिणीकडे बघून म्हणाल्या, "तेरी तो पूरी उमर पड़ी है." त्यांनी ते मायेनंच म्हटलं होतं. त्या फिरायला गेल्यावर बहीण म्हणाली, "मी सत्तरची असते तर किती सोपं होतं ना."

तिनं ऊतीचा व्हॉल्व्ह सांगितला. मी का म्हणून विचारलं.

"मला मूल हवंय."

"लग्नाचा पत्ता नाही अजून."

"लग्नाचं माहीत नाही, ताई. मूल हवंय."

हे तिनं आधी कधी बोलून दाखवलं नव्हतं. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "तुम्ही दोघी ठरवाल तसं."

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी भेटायच्या वेळेत मी तिच्या खाटेवर बसले आणि बोलायला लागले. पुन्हा छाती उघडायची? तेव्हा बाबा थकलेले असतील. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं. आणि मग मला रडू फुटलं. "मी पुन्हा एकदा ऑपरेशन थिएटरबाहेर बसू शकणार नाही गं," मी म्हणाले.

ती म्हणाली, "चलो, ठीक आहे. धातूचा लिहू दे."

सर्जनबाई आल्या, त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं आणि तिला एकटीला विचारलं. तिनं माझाच निर्णय स्वतःचा म्हणून सांगितला.

रिपेअरचा प्रयत्न केला, पण गळती राहिली. धातूचा व्हॉल्व्ह बसवला. ऑपरेशन चांगलं झालं असं सगळे म्हणाले, आणि ते खरंच होतं. चार महिन्यांत ती जिना चढायला लागली. परीक्षा मात्र सुटली. तिनं गुरुग्राममध्ये नोकरी धरली, ऑफिसातल्याच एका मुलाशी लग्न केलं. त्याला तिनं सगळं आधी सांगितलं होतं.

लग्नानंतर दोन वर्षांनी तिला दिवस गेले. गोळीनं बाळाला अपाय होऊ नये म्हणून ती बंद करून रक्त पातळ करायची इंजेक्शनं पोटात सुरू झाली, रोज दोन. पोटावर काळेनिळे डाग पडले. शनिवारी मी तिच्याकडे जायचे, स्वयंपाक करायचे. अकराव्या आठवड्यात सगळं संपलं. पुन्हा प्रयत्न करता येईल, पण धोका तुम्हालाही तेवढाच आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. नवऱ्यानं तिथल्या तिथे नको म्हटलं.

नंतर एका दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि एकदम म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी तू माझ्यासाठी घाबरली होतीस की स्वतःसाठी?"

खोटं बोलता आलं असतं. "स्वतःसाठी," मी म्हणाले.

"मला तेव्हाच कळलं होतं."

"मग ऐकलंस कशाला?"

"तू रडत होतीस." तिनं घडी घातलेली चादर कपाटात ठेवली. "आणि दुसरा घेतला असता तर सगळं नीट झालंच असतं, असं थोडंच आहे."

तिनं ते मला सोडवण्यासाठी म्हटलं, की तिला तसंच वाटत होतं, मला आजवर कळलेलं नाही. आमचं बोलणं चालू आहे. दिवाळीला ती नवऱ्यासोबत येते, जेवते, माझ्या दोन वर्षांच्या मुलाशी खेळते. तो तिच्या मांडीवर बसला की मी स्वयंपाकघरात जाते.

मागच्या महिन्यात तिच्या रक्ततपासणीचा दिवस होता. मी येऊ का सोबत, असं फोनवर विचारलं.

"नको," ती म्हणाली. "सवय झालीय आता. मी जाऊन येते."