राहणाऱ्यांचं मत

ओमानमधल्या अल हैलच्या आमच्या घरात फ्रिजच्या दारावर एक यादी असायची. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड इथल्या राज्यशास्त्राच्या परिषदा, उन्हाळी अभ्यासक्रम, पाहुण्या संशोधकांसाठीच्या जागा. पुढे शेवटची तारीख, लागणारी कागदपत्रं, आणि अखेरच्या रकान्यात माझा शेरा: बसते किंवा बसत नाही. बहुतेक ठिकाणी ‘बसत नाही’च. कुठे वयाची अट, कुठे विद्यापीठातली नोकरी हवी. मी एका भारतीय शाळेत सामाजिक शास्त्रं शिकवत होते आणि पन्नाशीला टेकताना महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात पीएच.डी.ला नाव घातलं होतं.

खालच्या मजल्यावरची शेजारीण रत्नागिरीची. तिच्या नवऱ्याचं किराणा दुकान होतं. ती पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडे आणि यादी वाचत उभी राही.

“काय गो बाई, तिकडं लोकं भाषणं करतात तरी कशी? थंडीत तोंड उघडत असंल का?”

माझा विषय तिलाही पाठ झाला होता. त्या देशांत परदेशी माणूस काही वर्षं राहिला की त्याला गावच्या निवडणुकीत मत देता येतं. नागरिकत्व लागत नाही, राहणं पुरतं. त्या मतामुळे त्या माणसात आणि गावात काय बदलतं, हे मी शोधत होते. हाच विषय का, असं ओमानमध्ये मला कोणी विचारलं नाही.

फेब्रुवारीत स्वीडनमधल्या एका कार्यशाळेने माझा निबंध घेतला. तिथली रीत मला फार आवडली होती. भाषणं नाहीतच. पंधरा-वीस जण तीन दिवस एकाच खोलीत बसतात. सगळ्यांनी सगळ्यांचे निबंध वाचून यायचं. प्रत्येकाचा निबंध दुसऱ्या कोणाकडे सोपवलेला असतो. तो त्यातलं बरं-वाईट मांडतो, मग बाकीचे प्रश्न विचारतात. लिहिणाऱ्याने तोवर गप्प बसायचं. इतकी वर्षं मी मुलांचे पेपर तपासत आले. आता कोणीतरी पेन्सिल घेऊन माझ्या लिखाणावर बसणार होतं. मला परदेश बघायचा नव्हता, हे हवं होतं.

मी नवऱ्याला फोन केला. संध्याकाळी तो हलवा घेऊन आला. शेजारणीने निझवा शहरातल्या दिराच्या दुकानातून जाड कोट मागवला. कार्यशाळा जूनमध्ये असली तरी तिकडे गारठा असतो, असं तिचं ठाम मत.

आठवडाभराने व्हिसाची कागदपत्रं लावायला घेतली.

“अहो, तुमच्या रेसिडेन्स कार्डाची झेरॉक्स द्या. माझं तुमच्याच कार्डावर आहे.”

तो मटार सोलत होता. “ते राहू दे आता.”

“राहू दे म्हणजे?”

“नोकरी खलास झाली. अर्बाबने पत्र दिलं. जूनअखेरपर्यंत.”

“कधी दिलं?”

“हलवा आणला त्याच दिवशी.”

तोच पुढे म्हणाला, “तू स्वयंपाक करताना गुणगुणत होतीस. म्हटलं, चार दिवस ऐकून घेऊ.”

नियम साधा होता. परत आल्यावर तीन महिने चालेल असं इथलं कार्ड दाखवायचं, तरच तिथला व्हिसा. त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं असतं तरी काही वेगळं झालं नसतं. हे मी त्याला दोनदा समजावलं. त्याला ते पटलं नाही. मुंबईहून अर्ज करायचा तर राहण्याचा पत्ता आधी तिकडे हलवावा लागणार होता, ते जूनअखेरच्या आधी जमणारं नव्हतं, आणि तोवर कार्यशाळा संपली असती. पडद्यावरून बसू द्याल का, असं मी आयोजकांना विचारलं. फार सभ्य उत्तर आलं. लिहिणारा खोलीत नसेल तर निबंधावर चर्चा होत नाही. पुढच्या वर्षी जरूर अर्ज करा.

माझ्याकडे फिनलंडच्या एका तरुण मुलीचा निबंध सोपवलेला होता. तो आता दुसऱ्या कोणाकडे गेला. तरी मी माझे शेरे लिहून तिला पाठवून दिले. वाचून झालेलं होतं, वाया कशाला घालवायचं.

कोट परत द्यायला खाली गेले. शेजारीण घेईना. “ठेव गो. आता पुण्याला परत जाल, तिथं थंडी पडते ना?” मग तिने पदराने डोळे पुसले आणि कांदे चिरत नसतानाही कांद्यांना नावं ठेवली.

माझ्या निबंधाची वेळ तिथल्या सकाळी अकराची होती, म्हणजे आमच्याकडे दुपारचा एक. त्या दिवशी घर जवळजवळ रिकामं झालं होतं. सकाळीच दोघं जण येऊन माझं लिहायचं टेबल घेऊन गेले. त्यावरचे कागद मी खिडकीत ठेवले होते. नवरा जमिनीवर बसून खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. त्याने घड्याळाकडे बघितलं.

“एक वाजला. वाच.”

“कोणाला?”

“मी आहे ना.”

मी खोक्यावर बसले आणि इंग्रजीतला निबंध मराठीत सांगत वाचत गेले. तक्ते गाळले. तो चिकटपट्टी हातात धरून शेवटपर्यंत ऐकत होता. संपल्यावर रीतीप्रमाणे मी गप्प बसले.

“एकच विचारतो,” तो म्हणाला. “माणूस तिथून निघून गेला, तर त्याच्या मताचं काय?”

“नाव यादीतून काढतात.”

“लगेच?”

“पत्ता गेला की.”

“हे लिहिलंयस तू?”

नव्हतं लिहिलं. माझा सगळा निबंध येणाऱ्यांवर होता. मी शेवटचं पान उलटं केलं आणि पेन मागितलं. त्याने खिसे चाचपले, मग समोरच्या खोक्याकडे बघितलं. पेनं त्यात होती, आत्ताच बंद केलेल्या खोक्यात.

“उघडू?”

“उघडा,” मी म्हटलं, आणि तो नखाने चिकटपट्टीचं टोक शोधू लागला.