अंग धरतंय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच का सांगते आहे? माहीत नाही.

आम्ही तेव्हा ठाण्याला, कोपरीत राहत होतो. साखर रेशनवर मिळायची ते दिवस. माझा धाकटा दीर, वसंता, महिनाभर विषमज्वरानं पडून होता. ताप उतरला तेव्हा नुसता हाडांचा सापळा उरला होता. डॉक्टरांनी मला आणि सासूबाईंना समोर बसवलं. म्हणाले, "खरा धोका आता आहे. आठ दिवस फक्त पेजेची निवळ, तीही चमच्याचमच्यानं. उपाशी शरीराला एकदम अन्न सोसत नाही. हृदय बंद पडतं." त्या दिवसापासून सासूबाई पेज फडक्यातून गाळून, घड्याळ बघून पाजू लागल्या.

आणि मी? माझ्या हातच्या शिऱ्याचं घरात भारी कौतुक. वसंता आधी डोळ्यांनीच मागायचा — मग एकदा म्हणाला, "वहिनी, थोडाच." आमच्याकडे थोडाच म्हणणाऱ्याला दोनदा वाढतात. पण डॉक्टरांचं म्हणणं मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की मी वाटी भरून नेई, तूप सढळ सोडून. अशा तीन दुपारी. त्या उपाशी ठेवणाऱ्या आणि मी माउली — हे मला आवडत होतं. दुसरं काही नाही.

चौथ्या दिवशी त्याचे पाय भरलेले दिसले. "अंग धरतंय हो पोर," म्हणत सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मीही मनातून फुगले — माझाच शिरा ना तो? मग तेल लावताना त्याच्या पायावर बोट दाबलं गेलं, आणि खळगा तसाच राहिला. वर येईना.

दुपारपर्यंत त्याला श्वास पुरेना, भलतंच बरळू लागला. डॉक्टर धावत आले. पेजेशिवाय काही दिलंत का, असं त्यांनी विचारलं. सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं — नाही. दिवेलागणीला वसंता गेला. खरं बोलले असते तर वाचला असता का? मी कधी कुणाला विचारलंच नाही.

सासूबाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. निवळ आपणच नीट गाळली नाही, एखादं शीत राहिलं असेल, असं म्हणत जगल्या. मी ऐकत होते. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी पेज भरवायला बसले, तर त्यांनी माझा हात धरला.

"नीट गाळलीस ना गं?"

मी हो म्हटलं, आणि चमचा पुढे केला.