चाळीस खेकड्यांची हजेरी

एकही पीएच.डी. न करता ज्यांच्या हातून अकरा पीएच.डी. पार पडल्या असा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच, आणि ते म्हणजे मुळशीतले आमचे घरमालक. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. धरणाच्या काठी, भातखाचरांच्या वरच्या अंगाला त्यांचं घर आणि घराला लागून तीन खोल्या होत्या. दुसऱ्या कुणी त्यात शनिवार-रविवारचे पाहुणे ठेवले असते, यांनी संशोधक ठेवले. बेडकांवर काम करणारा कुणी एक चुकून आला, त्याने पुढच्याला पत्ता दिला, आणि बघता बघता विद्यापीठाचे झाडून सारे विभाग तिथे सासुरवाडीच्या हक्काने उतरू लागले. नावं लक्षात ठेवण्याच्या भानगडीत मालक पडत नसत. ज्याचा जो विषय तेच त्याचं नाव. भूगर्भशास्त्राचा पोरगा 'दगड'. जात्यावरच्या ओव्या जमवणारी मुलगी 'गाणी'. दोनशे प्रश्नांची छापील प्रश्नावली घेऊन दारोदार हिंडणारी समाजशास्त्रवाली 'चौकशी'. धरणात गेलेल्या गावांच्या जुन्या दस्तांवर इतिहास लिहिणारे एक पोक्त प्राध्यापक होते, ते 'वाळवी'. आणि मी खेकडं. सकाळी ओट्यावरून हाक यायची, "अवो खेकडं, च्या निवतुया! आन् त्या वाळवीला बी हलवा, कालधरनं कागदात तोंड घालून बसल्यात."

विज्ञान श्रेष्ठ की कला श्रेष्ठ, या विद्यापीठातल्या जुन्या भांडणात मालक कधीच पडले नाहीत. दगडाची पोती त्यांनी डोक्यावरून वाहिली, तितक्याच निष्ठेने गाणीसाठी आपल्या बायकोला, आमच्या काकूंना, जात्यापुढे बसवलं. काकू म्हणाल्या, "अवो, दळान तर गिरनीतनं आनलंय की!" तर मालक म्हणाले, "पीठ नको गं, पोरीची डिगरी अडाकलीया. जरा गळा काढ." चौकशीने त्यांना एकदा विचारलं, "काका, घरातले निर्णय कोण घेतं?" मालकांनी क्षणभर विचार केला आणि आत तोंड करून ओरडले, "अगं ए, घरातलं निर्नय कोन घेतं म्हनून सांगू?" चौकशीने त्यावर दीड पान लिहून काढलं. आमच्या गाइड मंडळींबद्दल मात्र त्यांच्या मनात धास्ती होती. नव्या सुनेला सासूबद्दल विचारावं तशा दबक्या आवाजात ते विचारत, "गाइड कसा हाय तुमचा? बोलतो का टाकून?" आणि संशोधनाबद्दलचं त्यांचं मत ठाम होतं. "समद्या पीएचड्या एकच. आमाला जे ठावं हाय ते तुमी इंग्रजीत लिवायचं."

त्यांच्या देवघराशेजारी एक फळी होती. तिच्यावर काळ्या कापडाच्या बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे प्रबंध ओळीने उभे. दसऱ्याला त्यांना झेंडूचं फूल मिळे. मालकांना इंग्रजी येत नव्हतं, पण आभाराच्या पानावरचं आपलं नाव त्यांना नातवाच्या चेहऱ्यासारखं ओळखू येई. प्रत्येक प्रबंधात तिथे बोट फिरून फिरून डाग पडलेला. फळीच्या टोकाला चार बोटं जागा मोकळी होती. "ही खेकड्यांची," ते सगळ्यांना सांगत. त्या चार बोटांकडे बघायचं मी टाळत असे. माझी मुदत दोनदा वाढवून झालेली, माझे गाइड सर वर्षअखेरीला निवृत्त होणार, आणि त्याच्या आत प्रबंध गेला नाही तर सहा वर्षं खाचरातल्या चिखलात.

माझा विषय असा, की एका खाचरात खेकडे किती ते मोजायचं. पद्धत सोपी आहे. चाळीस खेकडे पकडायचे, पाठीवर नंबर रंगवून सोडून द्यायचे. महिन्याने पुन्हा चाळीस पकडायचे आणि त्यात नंबरवाले किती निघतात ते पाहून एकूण संख्येचा हिशेब मांडायचा. नंबर मी लाल नेलपॉलिशने घातले. एकदम सहा बाटल्या मागितल्यावर पौडच्या बाजारातला दुकानदार माझ्या हातांकडे बराच वेळ बघत होता. राहिली पकडण्याची बाब. खेकड्यांवर संशोधन करणारा माणूस खेकड्याला घाबरतो, हे विद्यापीठाला कळवण्याची अट नव्हती. पकडायचे, रंगवताना धरायचे आणि नेऊन सोडायचे मालक, मी बांधावरून त्यांना शास्त्रीय प्रोत्साहन द्यायचो.

महिन्याने मी पुण्याहून आलो तर मालकांनी बादली भरून तयार ठेवलेली. चाळीस खेकडे, चाळीसही नंबरवाले. पुढच्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यातही तेच. कुठल्याही शहाण्या माणसाला संशय आला असता. मी पेढे वाटले. गणिताने खाचरात एकूण चाळीसच खेकडे होते, आणि जगात इतकं स्वच्छ उत्तर कुणालाच मिळालं नव्हतं.

सरांनी तक्ता पाहिला, चष्मा काढला. "अरे, हे खेकडे आहेत की शाळा? तीन महिने एकही गैरहजर नाही?" आणि दुसऱ्याच दिवशी ते स्वतः मुळशीला हजर झाले.

साक्षात गाइड आला म्हटल्यावर मालकांनी टोपी बदलली. सरांनी विचारलं, "तुम्ही हे खेकडे नक्की कुठून पकडता?" मालक उजळले. आम्हाला गोठ्यामागे घेऊन गेले. तिथे जुनी सिमेंटची टाकी, आत विटांचे चाळीस खण, आणि खणाखणात माझे चाळीस खेकडे भात खात बसलेले.

"सोडलंच न्हाई बगा," मालक अभिमानाने म्हणाले. "आमच्या ह्या सायबांनी यवढं कष्टानं रंगिवलं. सोडलं आन् कुनी कालवान केलं, तर परत घावायचं कसं?"

मी विटेवर बसलो. माझ्या तोंडाकडे बघता बघता मालकांचा चेहरा उतरला. "म्हंजी... म्या वाटुळं केलं व्हय?" त्यांनी टोपी काढून हातात धरली.

टाकीशी उकिडवे बसून सरांनी विचारलं, "या एकवीस नंबरचा रंग इतका ताजा कसा?"

"त्यानं कात टाकली की, सायेब. त्येच्यासंगं नंबर बी जातुया. म्या परत घातला. बाटली हुती उरल्याली."

"कधी टाकली?"

मालक आत गेले आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आले. तारखांच्या चौकोनांत बारीक अक्षरांत नोंदी होत्या. 'एकवीसनं कात टाकली.' 'चौदानं खन वलांडून नवाचा पाय मोडला.' 'तेहतीस जेवत न्हाई.' 'तेहतीस जेवला.' सर उभ्याने तीन महिने वाचत राहिले. मग माझ्याकडे वळले. "खेकड्याची वाढ इतक्या बारकाईनं टिपलेली मी तरी पाहिलेली नाही. मोजणी सोड. हे कॅलेंडर लिहून काढ. पीएच.डी. झालेली आहे, फक्त ती तू केलेली नाहीस."

विषय बदलला, मालकांनी वर्षाचं उरलेलं कॅलेंडर भरलं, मी त्याचं इंग्रजी केलं, आणि सर निवृत्त व्हायच्या आठवडाभर आधी प्रबंध गेला. पदवी मिळाल्यावर काळ्या बांधणीची प्रत घेऊन मी मुळशीला गेलो. मालकांनी हात धुतले, आभाराचं पान काढलं आणि बोट फिरवायला सुरुवात केली. वरून खाली आलं, पुन्हा वर गेलं. "हितं कुटं हाय मी?"

त्या पानावर सर होते, विभागप्रमुख होते, झेरॉक्सवाला होता. घाईत, शेवटच्या दिवशी लिहिलेलं पान ते. मालक नव्हते.

"छापताना राहिलं," मी म्हणालो. आयुष्यात इतकं भिकार खोटं मी दुसरं बोललेलो नाही. खिशातलं पेन काढलं आणि सर्वांच्या वर, सरांच्याही वर, त्यांचं नाव लिहिलं, मराठीत. मालकांनी ते डोळ्यांजवळ नेलं, आयुष्यात पहिल्यांदा ते पान वाचलं, आणि प्रबंध चार बोटांच्या जागेत सरकवला. पुढे येईल त्या संशोधकाला ते सांगत, "बाकीच्यांनी छापलंय. खेकड्यानं हातानं लिवलंय."

आता मी पुण्याजवळ सूसला सोसायटीत राहतो, नावामागे डॉक्टर लावतो. मालक गेले. प्रबंधाची दुसरी प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि तिच्यात ते नाव अजून नाही. वर्षातून एकदा मी तिथे जातो, खिशात पेन असतं, पान उघडतो, आणि समोरच्या ग्रंथपालबाई चष्म्यावरून बघतात. भित्रा मी पहिल्यापासूनच. पुस्तक मिटून ठेवतो. पण त्या पानावर, वरच्या कोऱ्या जागेत, बोट फिरून फिरून आता डाग पडायला लागलाय.